दहावा घातलेल्या माणसाचा फोटो

नारायणगावात रविंद्रचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. दुकानाच्या वर एक पत्र्याची खोली आहे आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी तिथं फोटोचं वेड असलेली माणसं जमतात. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या त्यांच्या ग्रुपात नावं शंभरावर, पण जिना चढून येणारे सहा-सातच. आपापले फोटो भिंतीवर प्रोजेक्टरनं पाडायचे, एकमेकांच्या चुका काढायच्या, भेळ खायची आणि पाच वाजता घरी जायचं.

वैजयंती त्यांतलीच एक. डिंगोऱ्याच्या शाळेत शिक्षिका, वय बेचाळीस. लग्न केलं नव्हतं. पाच वर्षांपूर्वी पहिला चांगला कॅमेरा घेतला आणि तेव्हापासून शनिवारची सकाळची शाळा सुटली की तिची स्कूटी माळशेजच्या रस्त्याला लागायची.

त्या ऑगस्टच्या रविवारी तिनं आणलेला फोटो भिंतीवर पडला आणि खोलीतली कुजबुज थांबली. धुक्यात रस्त्याच्या कडेला उभा असलेला एक माणूस. डोक्यावर खताच्या पिशवीची खोळ, मागं चार-पाच शेळ्या, आणि सरळ कॅमेऱ्यात रोखलेले डोळे.

"मॅडम, नाद नाय राव," रविंद्र म्हणाला. "भुवईवरचा थेंबसुद्धा मोजून घ्यावा असा आलाय."

बाळासाहेब लोणी गावचे, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. पक्ष्यांचे फोटो काढायचे. सगळे त्यांना नाना म्हणायचे. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. "डावीकडं जागा जरा जास्त सुटलीय," ते म्हणाले. "पण राहू द्या. त्या जागेत अजून कोणीतरी येणार आहे असं वाटतं."

"कोण आहेत हे? नाव काय?" प्रतीक्षानं विचारलं. ती कृषी खात्यात नोकरीला होती, ग्रुपात सगळ्यांत लहान.

वैजयंतीला नाव माहीत नव्हतं. तिनं त्या माणसाला विचारलं होतं, "काका, एक फोटो काढू का?" तो काहीच बोलला नव्हता. न बोलण्याचा अर्थ तिनं आपल्या सोयीनं होकार असा घेतला होता आणि चार फोटो काढले होते. चौथ्याला तो वळून धुक्यात गेला. हे तिनं कोणाला सांगितलं नाही.

रविंद्रनं हौसेनं तो फोटो मोठा छापला आणि दुकानाच्या दर्शनी काचेत लावला.

दहा-बारा दिवसांनी, शाळा सुटायच्या वेळी, त्याचा फोन आला. "मॅडम, जरा येता का? एक बाई आल्यात. तुमच्या फोटोपुढं बसल्यात, उठायलाच तयार नाहीत."

वैजयंती पोहोचली तेव्हा प्लास्टिकच्या स्टुलावर एक काटक बाई ताठ बसली होती. पन्नाशीच्या अलीकडची, कपाळ मोकळं. शेजारी तिची मुलगी आरती मांडीवरच्या बाळाला थोपटत रडत होती. आरतीचं सासर राजुरीचं. बाळाच्या पहिल्या वाढदिवसाचा फ्लेक्स सांगायला दोघी आल्या होत्या. बाईचं नाव कोंडाबाई, डिंभ्याच्या धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतली. ती रडत नव्हती.

"फोटू तुमी काढला का बाई?"

"हो."

"कवा?"

"जुलैत. महिना झाला."

कोंडाबाईनं फोटोवरची नजर काढली नाही. "ह्या माणसाचा दहावा घातलाय आमी. नऊ वर्सं झाली."

मग तिनं सांगितलं ते असं. तिचा नवरा संपत पिकअप चालवायचा. एकदा बाजारावरून परत येताना वाडीतली माणसं मागं बसली होती. उतारावर ब्रेक लागला नाही, गाडी उलटली. दोन बाया जागीच गेल्या. त्यातली एक त्याच्या सख्ख्या भावाची, सुभाषची बायको. संपतला खरचटलंसुद्धा नाही. तीन दिवस तो घरात भिंतीकडं तोंड करून बसला. चौथ्या दिवशी पहाटे धरणाच्या काठाला त्याच्या चपला सापडल्या. आठवडाभर पाणी धुंडाळलं. काही हाती लागलं नाही. शेवटी जाणत्यांनी सांगितलं तसा दर्भाचा पुतळा करून जाळला, दहावा-तेरावा केला आणि कोंडाबाईचं कपाळ पुसलं.

"एकासारखी एक माणसं असतात, ताई," वैजयंती म्हणाली. आपलाच आवाज तिला परका वाटला.

"डाव्या कानाची पाळी बघा. चिरलेली हाय का न्हाई? ल्हानपनी कानातली बाळी वढली व्हती भावानं. सुभाषनंच."

पाळी चिरलेली होती. फोटो इतका स्वच्छ आला होता की त्याबद्दल शंकेला जागाच नव्हती.

रविंद्रला वाटलं, फोटो लगेच सगळ्या ग्रुपांवर टाकावा, 'हरवलेला माणूस' म्हणून. कोंडाबाई एकदम उठून उभी राहिली. "न्हाई. गावभर फिरवू नगा. त्यो पळंल."

त्या रात्री वैजयंतीनं फक्त नेहमी येणाऱ्या सहा जणांना कळवलं. प्रत्येकानं आपापले जुने फोटो बघायचे, नऊ वर्षांचे. बघायचं ते मुख्य माणसाकडं नाही, कडेला, मागं, गर्दीत.

चौथ्या दिवशी नानांचा फोन आला. ते नेहमी मोकळ्या आवाजात बोलायचे, त्या दिवशी दबून बोलत होते. "मॅडम, लोणीच्या पाझर तलावावर मी चक्रवाक टिपले होते. तीन वर्षांखाली. तो फोटो माझ्या बैठकीच्या खोलीत लावलाय हो. रोज त्याच्या खाली बसून चहा पितो. मागं बांधावर एक माणूस उभा आहे. मी त्याला आजवर लाकूड समजत होतो."

प्रतीक्षाला तो ओतूरच्या श्रावणी सोमवारच्या यात्रेच्या एका जुन्या फोटोत सापडला. कुस्तीच्या फडाभोवती हजार माणसं, सगळ्यांची तोंडं फडाकडं, आणि तिसऱ्या रांगेतलं एकच तोंड प्रतीक्षाकडं वळलेलं. पुढच्या रविवारी खोलीत दोन्ही फोटो भिंतीवर पडले, वाढवत वाढवत शेवटी फक्त चेहरा उरेपर्यंत. वाढवलेल्या चेहऱ्याचे चौकोन चौकोन झाले होते तरी डोळे ओळखू येत होते. भेळ कोणी खाल्ली नाही. रविंद्रनं खिडकीचा पडदा बाजूला केला, खाली रस्त्यावर बघितलं आणि पुन्हा लावला.

वैजयंतीचं तर सगळं बिनसलं. पंधरा ऑगस्टला शाळेतल्या मुलांचे काढलेले फोटो तिनं एकेक करून तपासले, कुंपणापलीकडच्या झाडांसकट. वर्गात फळ्यावर लिहिताना पाठीमागच्या खिडकीत कोणी उभं आहे असं वाटायचं. वळून बघितलं की खिडकीत फक्त सागाची पानं. कॅमेरा डोळ्याला लावला की बोट चालेना. आजवर आपण काय काय बघितलंच नाही, हा विचार डोक्यातून जाईना.

मग कोंडाबाईच एक दिवस पिशवी घेऊन आली. पिशवीत आरतीच्या लग्नाचा अल्बम होता.

"तुमाला गर्दीत गावला," ती म्हणाली. "मंग आमच्याबी फोटूत बघा."

लग्न दोन वर्षांपूर्वीचं, वाडीतच झालेलं. फोटो काढणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून रविंद्रनं मूळ फाइली मागवून घेतल्या. सातशेवर फोटो होते. हळदीचे झाले, मुहूर्ताचे झाले, जेवणावळीचे झाले. आरती माहेरातून निघतानाच्या फोटोवर रविंद्रचा हात थांबला. मांडवाच्या दाराशी आरती आईच्या गळ्यात पडलेली, भोवती बायका, मागं मांडवाचा निळा कपडा, आणि कपड्याच्या फटीतून दिसणारी खताची पिशवी. पिशवीखाली चेहरा. या एका फोटोत मात्र तो कॅमेऱ्याकडं बघत नव्हता. लेकीकडं बघत होता.

कोंडाबाईनं भिंतीजवळ जाऊन त्या चेहऱ्यावर तळवा ठेवला. प्रोजेक्टरचा उजेड तिच्या हातावर आला आणि चेहरा तिच्या बोटांच्या पाठीवर पडला.

"मी हितं व्हते," ती म्हणाली. "त्यो पाच हातांवर व्हता, आन मी हितं व्हते."

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात नाना, वैजयंती आणि कोंडाबाई अशी तिघं नानांच्या गाडीतून डिंगोऱ्याच्या पुढं गेली. वैजयंतीनं फोटो काढला होता ती जागा दाखवली. तिथून विचारत विचारत एका शेळ्यांच्या गोठ्यापाशी पोहोचली. गोठ्याचा मालक रामनाथ. त्यानं मोबाइलवरचा फोटो बघितला आणि मान हलवली.

"लक्ष्मण म्हणायचो आमी. त्यानंच सांगितल्यालं नाव. दोन वर्सं व्हता माज्याकडं. लई गुनाचा मानूस. पर गाडीत म्हनून बसायचा न्हाई. ओतूरला जायाचं तरी पायी."

"व्हता म्हंजी?" कोंडाबाईनं विचारलं.

"गेला की. जुलैमदी. रस्त्यावर कुना बाईनं त्याचा फोटू काढला. सांजच्याला शेळ्या बांधल्या आन म्हनला, मला बघितलं. मी म्हनलं, बघू दे की, तुला काय वाघ खातोय? सकाळी उठून बघतो तर घोंगडी घडी घालून ठेवल्याली."

वैजयंतीच्या खांद्यावर कॅमेऱ्याची बॅग होती. तिला ती लपवावीशी वाटली. रामनाथनं बॅगेकडं बघितलं, मग तिच्याकडं.

कोंडाबाईनं तो कुठं झोपायचा ते विचारलं. गोठ्याच्या कोपऱ्यात, भिंतीला लागून. ती तिथं जाऊन बसली. घोंगडी मांडीवर घेतली, नाकाशी धरली, पुन्हा होती तशी घडी घातली. रामनाथ म्हणाला, न्या पाहिजे तर. ती म्हणाली, "नगं. त्यो हितं परत आला तर काय पांगरंल?"

परतीच्या वाटेवर ओतूर आलं. मग वैजयंतीला राहवेना. "ताई, माझ्यामुळं गेले ते. मी विचारलं होतं, पण त्यांनी हो म्हटलं नव्हतं."

कोंडाबाई खिडकीबाहेर बघत होती. "तुमच्यामुळं त्यो हाय हे कळलं. आन तुमच्यामुळंच गेला," ती म्हणाली. "आता तुमाला काय बोलू मी?"

त्यानंतरच्या रविवारी वैजयंती गेली नाही. रविंद्रनं काचेतला फोटो काढून ठेवल्याचं कळलं. नानांनीही चक्रवाकाचा फोटो भिंतीवरून उतरवला, पण टाकून देववेना म्हणून कपाटात ठेवला. ग्रुपवर फोटो येत राहिले, फुलांचे, किड्यांचे, डोंगरांचे. माणसांचे येईनात.

ऑक्टोबरमध्ये आरतीचा निरोप आला. आईला तो लग्नातला फोटो हवाय, छापून, फक्त तेवढा भाग. वैजयंती रविवारी स्वतःच तो घेऊन निघाली. घोडेगाव मागं पडलं, धरणाचं पाणी दिसायला लागलं, आणि पाण्याच्या कडेकडेनं चढत ती वाडीत पोहोचली. भात पिवळं पडायला लागलं होतं. दुपारचे बारा वाजले असतील.

कोंडाबाईनं फोटो घेतला, पदरानं पुसला, आणि तिला घेऊन घरामागच्या बांधावर आली. तिथं एका सपाट दगडावर स्टीलचं ताट होतं. ताटात भात, वरण, नाचणीची भाकरी. बांधाच्या वर लगेच झाडी सुरू होत होती.

"सर्वपित्रीला दीर आले," कोंडाबाई खाली बसत म्हणाली. "दर वर्सी ह्यांचं पान वाढतो आमी. म्हनलं, भाऊजी, औंदा काय करायचं? मेल्याला म्हनून वाढू का नगं? मी त्यांना ह्यो फोटू दावलेला व्हता मोबाइलवर. नऊ वर्सांत ह्यांचं नाव घेतलं न्हवतं त्यांनी. बायकू गेली त्यांची. मंग म्हनले, वाढ. पर पानावर नगं वाढू वहिनी, ताटात वाढ."

"मग?"

"मंग वाढलं. हितंच ठिवलं. दुसऱ्या दिशी येऊन बघते तर ताट घासून, धुऊन, दगडावर पालथं घातल्यालं."

वैजयंतीच्या अंगावर काटा आला. ऊन चांगलं तापलेलं होतं.

"दीर म्हनले, कोनी पोरासोरानं केलं आसंल. पर पोरं ताट घासत्यात व्हय? तवापासनं रोज ठिवते. कंदी तसंच ऱ्हातं, मुंग्या लागत्यात. कंदी पालथं आसतं."

"ताई, तुम्ही लपून बघितलं नाही? कोण येतं ते?"

"न्हाई." ती ठामपणे म्हणाली. "बघितलं की जातो त्यो."

दोघी बांधावर झाडीकडं पाठ करून बसल्या. खाली धरणाचं पाणी उन्हात चमकत होतं. मागं कुठं तरी वाळक्या पानांवर काहीतरी चुरचुरलं, थांबलं, पुन्हा चुरचुरलं. शेळी असेल, सरडा असेल. वैजयंतीचा हात आपसूक बॅगेच्या चेनकडं गेला आणि मान मागं वळायला लागली.

कोंडाबाईनं तिच्या मनगटावर हात ठेवला. "तिकडं बघू नगा, बाई," ती हळू आवाजात म्हणाली. "जेवू द्या त्याला."