साहेबांचं पाणी

पाण्याने संस्कृती घडवल्या आणि पाण्यानेच त्या बुडवल्या. माणसाचं अवघं जगणं पाण्याच्या काठाकाठाने चालत आलेलं आहे. मुलुंड पूर्वेच्या 'सहजीवन' सोसायटीत मात्र ते सकाळी जेमतेम दीड तास येतं, आणि तेवढ्यात काठावर वगैरे बसायला कोणाला सवड नसते.

पहिल्या मजल्यावरच्या वसुधा कर्णिकला तर मुळीच नसते. पाण्याकडून तिच्या अपेक्षाही फार नव्हत्या. हॉलमधल्या माशांच्या काचेच्या टाकीतलं निम्मं पाणी जावं, तेवढंच नवं यावं, आणि हे सगळं सासऱ्यांच्या जेवणात खंड न पडता व्हावं, एवढंच तिला हवं होतं. यापायी तिची झोप उडाली होती.

सासरे म्हणजे भाऊ. वय अठ्ठ्याऐंशी. आधी त्यांचे दात गेले, मग माणसांची नावं गेली, मग बोलणं गेलं, आणि गेल्या वर्षापासून भूकही गेली. घास समोर नेला की ओठ घट्ट. विनवा, रागवा, गोष्टी सांगा, काही आत पोचत नसे. डॉक्टरांनी वजन पाहिलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "आणखी उतरलं तर नाकातून नळी घालावी लागेल." त्यांनी ते 'चप्पल बाहेर काढा' म्हणावं इतक्या सहज म्हटलं. वसुधाच्या आईला शेवटचे पाच महिने अशी नळी होती. आईने ती उपसू नये म्हणून तिचे हात पलंगाच्या कठड्याला बांधून ठेवावे लागत, आणि वसुधा रोज ती गाठ मारत असे. पुन्हा तशी गाठ मारायची नाही, एवढं तिने ठरवून टाकलं होतं.

आणि मग साहेब मदतीला आले.

साहेब म्हणजे टाकीतला तळहाताएवढा गोल्डफिश. मुलगी स्वरदा लग्न होऊन पुण्याला गेली, तिने हुंड्यात काही नेलं नाही आणि मासेही इथेच ठेवले. नाव भाऊंनी दिलं होतं, बोलता येत होतं तेव्हा. "सारखं तोंड उघडतो आणि काम काही सांगत नाही, आमच्या मोठ्या साहेबांसारखा," असं त्यांचं म्हणणं. एके सकाळी वसुधाला दिसलं की साहेब काचेशी येऊन तोंड उघडतात आणि त्याच वेळी भाऊंचंही तोंड उघडतं. तिने त्या फटीत पेजेचा चमचा सारला. साहेबांनी मिटलं, भाऊंनी मिटलं. पेज गेली. त्या दिवशी वाटी संपली आणि वसुधा मोरीत जाऊन रडली.

तेव्हापासून भाऊंची खुर्ची टाकीसमोर, वसुधाचं स्टूल टाकीला लागून. भाऊंकडे तोंड, पण मान टाकीकडे वळलेली, कारण साहेबांचा क्षण चुकता कामा नये. नातेवाइकांना याचं फार कौतुक. "आपल्या लोकांना मासा दिसला की तोंडाला पाणी सुटणारच," असं एक मामेसासरे म्हणाले. बाकी कोणाकडून भाऊ जेवत नसत. नर्सिंग ब्युरोतून आलेली बाई तोंडाला मास्क लावून अगदी स्वच्छतेने भरवायची, पण ओठ बंद. "ती टाकीकडे पाठ करून बसते ना," वसुधा म्हणाली. बाई गेली. वसुधाचा नवरा अनंत एका हाताने चमचा धरून दुसऱ्या हातातला मोबाइल वाचत भरवायचा. तिथेही ओठ बंद.

आता अडचण अशी की टाकीचं पाणी बदलावं लागतं. पूर्वी ते काम बादल्यांनी व्हायचं. मासे टबात घालून बाथरूममध्ये, पाणी उपसून मोरीत, आदल्या रात्री भरून ठेवलेल्या बादल्या एकेक करून टाकीत. वसुधाची अर्धी सकाळ त्यात जायची, म्हणून त्या दिवशी भरवायला अनंत बसे, आणि त्या दिवशी हटकून भाऊ उपाशी. "साहेब दिसत नाहीत ना, म्हणून," हे अनंतचं निदान. पुढे अनंतची कंबर धरली, बादल्या बंद झाल्या, पाणी हिरवं होत चाललं. एक छोटा गप्पी मासा पोट वर करून तरंगला. साहेब तळाशी बसून राहू लागले. पाणी बदलावं तर भाऊ उपाशी. न बदलावं तर साहेब जाणार, आणि साहेब गेले की भाऊ कायमचे उपाशी. वसुधाने हे गणित रोज मांडलं आणि रोज उत्तर नळी आलं.

अशा मनःस्थितीत माणूस व्हिडिओ बघतो. व्हिडिओतली अमेरिकन बाई नेलपॉलिश लावलेल्या हाताने सिंकच्या नळाला एक हिरवा जोड लावते, त्याला लांबलचक पाइप, पाइपचं दुसरं टोक टाकीत. नळ सोडला की जोडातून सिंकमध्ये धबाधबा पाणी पडतं आणि पडता पडता टाकीतलं घाण पाणी ओढून नेतं. मग जोडाची कळ फिरवायची, की तोच नळ टाकी भरू लागतो. मासे जागच्या जागी. बादली नाही, टब नाही, ओली फरशी नाही. बाई हसते. वसुधाने हा व्हिडिओ इतक्यांदा पाहिला, की शेवटी अनंतने तिला न विचारता पाइप मागवून टाकला.

कर्णिकांच्या सिंकवर दोन नळ. एक गच्चीवरच्या टाकीचा, एक पालिकेचा, पिण्याच्या पाण्याचा. पहिला प्रयोग गच्चीच्या नळावर झाला. पाणी सिंकमध्ये पडलं, टाकीतलं जागचं हललं नाही. अनंतने पाइप झटकला, फुंकला, शेवटी टोकाला तोंड लावून ओढला. पाणी आलं. ते अनंतच्या तोंडात आलं.

"प्रेशर नाही," तो चूळ भरत म्हणाला. "पालिकेचा नळच लागणार. सकाळी."

"सकाळी भाऊंची पेज असते."

"मग बरंच की. तू पेज भरव, पाणी आपोआप बदलेल. तेच तर त्या पाइपचं म्हणणं आहे."

गुरुवारी सकाळी नळाने घसा खाकरला आणि पाणी आलं. वसुधाने क्लोरिन मारायच्या निळ्या औषधाची बाटली टाकीत पालथी केली, कारण नळाचं ताजं पाणी माशांना सोसत नाही. नळ सोडला. पाइप थरथरला आणि टाकीतलं हिरवट पाणी खरोखरच स्वयंपाकघराच्या दिशेने निघालं! निम्मं गेल्यावर तिने कळ फिरवली. स्वच्छ पाणी टाकीत येऊ लागलं. साहेब तळावरून उठले, काचेशी आले, तोंड उघडलं. वसुधा धावत स्टुलावर बसली. भाऊंनी तोंड उघडलं. एक चमचा, दुसरा चमचा. किती दिवसांनी तिला वाटलं, की जमतंय.

जमत असताना माणूस नळाच्या आवाजाकडे लक्ष देत नाही आणि टाकीकडे मान वळवायलाही विसरतो. पाणी त्या दिवशी वेळेआधीच गेलं. वाटी अर्धी झाली असेल-नसेल, तोच बेल वाजली. एकदा नाही, सारखी.

"गो वसुधा, दार उघड आधी!"

तळमजल्यावरच्या नलिनी सावंत. एरवी त्यांची मराठी मुंबईची, पण पारा चढला की तीत मालवण उतरायचं. हातात स्टीलचा पेला.

"हे कोणाचं?"

वसुधाने पेल्यात पाहिलं. नखाएवढं काहीतरी पोहत होतं.

"गप्पीचं पिल्लू आहे."

"ते दिसतंय मला. कोणाचं, ते विचारतेय."

"आमचंच असणार. पण तुमच्याकडे कसं आलं?"

"नळातून! पिंप भरत लावलं आणि पूजेला बसले. उठून बघते तर पाणी पिवळं. म्हटलं, खोदकाम चाललं असेल कुठेतरी. मग हे महाशय आले. पालिका डासांसाठी गप्पी सोडते, ठाऊक आहे मला. पण ती गटारात सोडते गो, घरपोच कधीपासून द्यायला लागली?"

वसुधा वळली. टाकीत दोन बोटं पाणी उरलं होतं. पाइपचं टोक त्याच्या जरा वर, हवेत लोंबत होतं आणि सुरसुर आवाज करत होतं. साहेब आडवे पडून शेपटी आपटत होते.

"सायफन!" अनंत आतून येत म्हणाला. "पालिकेचा सप्लाय बंद झाला की लाइन रिकामी होते, आणि खालचा नळ उघडा असला की वरचं सगळं मागे ओढलं जातं. साधं फिजिक्स आहे."

"तुमचं फिजिक्स मघाशी कुठे गेलं होतं हो?" वसुधा ओरडली. "पाणी आणा!"

पाणी होतं, गच्चीच्या नळाला. पण औषधाची बाटली रिकामी होती, आणि बाटलीतलं सगळं औषध टाकीच्या पाण्यासोबत खाली गेलं होतं. साहेबांना चालेल असं पाणी आता मुलुंडमध्ये एकाच ठिकाणी होतं.

"नलिनीताई," वसुधा म्हणाली. "यांना तुमच्या पिंपात ठेवू का? त्यांचंच पाणी आहे ते."

नलिनीताईंनी साहेबांकडे पाहिलं, मग खुर्चीतल्या भाऊंकडे. भाऊंच्या हनुवटीवरून पेज ओघळत होती.

"घाल पिंपात," त्या म्हणाल्या. "नाहीतरी ते पाणी आता कोण पिणार आहे? पण पिण्याच्या बाटल्या तुझ्या नवऱ्याने आणायच्या. आणि पिंप नवं."

साहेब कुकरमधून तळमजल्यावर गेले, उरलेले गप्पी त्यांच्या मागोमाग पातेल्यातून. वॉचमन संध्याकाळी पिंपातलं पाणी बादल्यांनी वर आणून देतो म्हणाला. म्हणजे दुपारचं जेवण रिकाम्या टाकीसमोर. सकाळी भाऊंना वजनकाट्यावर उभं केलं तेव्हा काटा डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्याला टेकलेला होता. एक जेवण चुकलं की दुसरं चुकतं, हे तिला पाठ झालं होतं. संध्याकाळी डॉक्टरांचा फोन यायचा होता.

अनंतने हार मानली नाही. मोबाइलवर गोल्डफिशचा व्हिडिओ लावून तो त्याने टाकीत आतून काचेला टेकवून ठेवला. आधी गृहकर्जाची जाहिरात आली. मग मासा आला. मग अनंतच्या ऑफिसातून फोन आला आणि मासा टाकीतून उचलून कानाला लावत तो गॅलरीत गेला.

वसुधा एकटी उरली. समोर भाऊ, शेजारी ओली रेती, आणि रेतीवर वाळत चाललेलं प्लॅस्टिकचं झाड. मान वळवून पाहावं असं टाकीत काहीच नव्हतं, म्हणून ती नुसती भाऊंकडे पाहत राहिली. मऊ भाताचा चमचा तिने उचलला तो केवळ डॉक्टरांना 'प्रयत्न केला' असं सांगता यावं म्हणून.

भाऊंनी तोंड उघडलं.

जांभई असेल, असं तिला वाटलं. तरी चमचा आत गेला. तिने दुसरा भरला. भाऊंनी पुन्हा तोंड उघडलं. तिसरा. चौथा. मोजायचं नाही, असं तिने स्वतःला बजावलं, मोजलं की थांबेल. वाटीचा तळ दिसू लागला. टाकीत कोणी नव्हतं. त्यांना साहेब आठवत असतील, तिला वाटलं. सगळं गेलं तरी साहेब आठवतायत.

नलिनीताई कुकर परत द्यायला आल्या होत्या. दार उघडंच होतं. किती वेळ उभ्या होत्या कोणास ठाऊक.

"खाली मजेत आहे तुमचा साहेब," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "पण तू का आ करतेयस?"

"मी?"

"मग कोण? चमचा उचललास की आ करतेस. पोरांना भरवताना करतात तसा. तू केलास की ते करतात."

"ते टाकीकडे बघतात, नलिनीताई."

"टाकीत आहे काय बघायला? तुझ्याकडे बघतायत ते."

वसुधाने तोंड मिटलं. भाऊंनीही मिटलं.