मानेचं कातडं

वहाणांची करकर ऐकू आली की कचरूच्या हातातली आरी थांबायची. आले पंजाबराव! सलग अकरावा दिवस. माणूस दारातल्या दगडावर फतकल मारून बसायचा, तंबाखू मळायचा आणि कचरूच्या हातांवरची नजर काही हलवायचा नाही. धाड गावातला एवढा मोठा शेतकरी, दोन विहिरींचा धनी, त्याला घरी काही काम नव्हतं का? पण नाही. गुळाला मुंगळा चिकटावा तसा चिकटला होता.

"काऊन बे कचऱ्या, हे कातडं माह्याच बैलाचं हाये ना?"

"हाव पाटील, तुमच्याच तांबड्याचं."

"मंग एवढंसं काऊन दिसते?"

कमावलं की कातडं आकसतं, हे कचरूने तीनदा सांगून झालं होतं. चौथ्यांदा सांगायची त्याला लाज वाटली आणि रागही आला.

खरं तर कचरू मोटा शिवणारा. त्याच्या बापाने शिवलेल्या मोटांनी अर्ध्या धाडच्या विहिरी उपसल्या होत्या. मग महाराष्ट्र राज्य झालं आणि दोन-चार वर्षांत विहिरींवर इंजिनं भकभकायला लागली. मोटेला कुणी विचारेना. गावातलं पहिलं इंजिन बसवलं तेही याच पंजाबरावांनी! कचरूने एस.टी.च्या एका कंडक्टरकडून टाकाऊ चामडी बॅग मागून आणली, टाका न् टाका उसवला, भोकं मोजली. मोटेची शिवण चामड्याच्या वादीची, ढोबळ. बॅगेला मेण लावलेला दोरा, दोन सुया आणि बोटभर जागेत सात टाके. सहा महिने त्याने तुकड्यांवर बोटं फोडून घेतली. बुलढाण्याचे दुकानदार भगवंतराव बाजाराला आले तेव्हा त्यांनी ती शिवण नखाने ओढून पाहिली.

"एक आख्खी बॅग करून दाखव," ते म्हणाले. "पसंत पडली तर माझ्या दुकानात तुझ्याच बॅगा."

बॅगेला चांगलं कातडं हवं, आणि तेव्हाच पंजाबरावांचा म्हातारा तांबडा बैल मेला. पाटील नुकतेच पंचायत समितीवर निवडून आलेले. कागद न्यायला त्यांनाही बॅग हवी होती; भगवंतरावांना दाखवून झाली की ती पाटलांचीच. त्यांनी कातडं दिलं खरं, पण देताना असं पाहिलं, जणू कचरू ते घेऊन पळूनच जाणार होता.

"हा मानूस उगाच नाही बसून राह्यला," कचरूची बायको जनकाबाई चुलीपाशी पुटपुटायची. "पाह्यजा, भर बाजारात काहीतरी खोट काढन."

उरल्या कातड्यातून वहाणांचा जोड धन्याला फुकट द्यायचा, हा मोटांच्या वेळचा रिवाज. पाटलांचा संशय फिटावा म्हणून कचरूने जोड आधीच शिवून दिला. पण पाटील त्याच वहाणा करकरवत रोज येऊन बसू लागले. याच्या मनात आहे तरी काय, ते कचरूला कळेना. रात्री तो बॅग उशाशी घेऊन झोपायचा.

वैशाखातला बाजार भरला. भगवंतरावांनी बॅग उलटीसुलटी केली, पट्टा ताणला, शिवणीवर नख ओढलं आणि मान हलवली. "पसंत आहे."

कचरूने श्वास सोडला, तोच पंजाबराव पुढे झाले. त्यांनी बॅग घेतली, झाकण उघडलं, आत डोकावून पाहिलं, बूड तपासलं.

"हे माह्या बैलाचं कातडं नाही," ते मोठ्याने म्हणाले. "कातडं देण्याआधी मी मानेवर तापल्या विळ्याने फुली मारली होती. दाखव बरं, कुठी हाये फुली?"

बघता बघता माणसं जमली. भगवंतराव दोन पावलं मागे सरले. कातडं बदलणारा म्हणून एकदा नाव झालं, की पंचक्रोशीत कुणी कचरूला पुन्हा कातडं देणार नव्हतं, आणि बुलढाण्याचं दुकान तर संपलंच. जनकाबाईने तोंडाला पदर लावला.

फुली. फुली त्याने पाहिली होती! दुखणं आलं की बैलाला डागतात, तसलाच डाग समजला होता तो.

"पाटील, जुवाखालचं कातडं घट्टे पडलेलं असते. ते बॅगेले चालत नाही, मोडते."

"मंग कोनाले इकलं?"

"उजवी वहाण काढा."

एरवी कचरू स्वतःच वाकला असता. पाठ वाकायला निघालीसुद्धा होती. त्याने ती ताठ धरली. पंजाबरावांनी चारी बाजूंना पाहिलं, मग खाली वाकून वहाण काढली. कचरूने रापीने कडेची शिवण कापली आणि तळाचे दोन थर उलगडले. आतल्या बाजूला, स्वच्छ दिसेल अशी, विळ्याची फुली होती. डाग वर दिसू नये म्हणून त्यानेच ती बाजू आत घातली होती.

कुणीतरी फिस्सकन हसलं. "एवढे दिवस पायाखालीच होती की, पाटील!"

"पुढच्या महिन्यात सहा दे," भगवंतराव कचरूला म्हणाले.

पंजाबरावांनी उसवलेली वहाण पुढे केली. "शिवून दे बे..." ते थांबले. "शिवून दे, कचरूभाऊ."

कचरूने रापी धोतराला पुसली. त्याला फार बरं वाटत होतं, आणि ते लपवायची त्याची मुळीच इच्छा नव्हती.

"वहाणा मी आता शिवत नाही, पाटील. बॅगा शिवतो."

खांद्याला नवी कोरी बॅग, हातात उसवलेली वहाण आणि एक पाय अनवाणी, असे पाटील तापल्या फुफाट्यातून निघाले. एकाच पायाची करकर ऐकू येत होती. ती थांबेपर्यंत कचरू ऐकत राहिला.