थांबल्याबद्दल पाच गुण दंड

मी एक जुनी मोटारसायकल आहे, आणि माझ्यावर बसायला जागा नाही. मित्रांनो, हसू नका. एके काळी माझी सीट चांगली लांबलचक होती. दोन माणसे आणि त्यांच्यामध्ये लशींची थंड पेटी आरामात मावत असे.

कारखान्यातले मला फारसे आठवत नाही. रंगाचा वास आणि रांगेत उभ्या असलेल्या माझ्यासारख्याच बहिणी, एवढेच. मला कच्च्या वाटांसाठी बनवले होते. माझे मालक लाइनमन. डोंगरावरचे विजेचे खांब आणि तारा तपासणे हे त्यांचे काम. मालकीणबाई परिचारिका होत्या आणि वरच्या वस्त्यांमधल्या मुलांना लस टोचायला जात. वाट एकच, म्हणून दोघेही माझ्यावरून जायचे. माझा आवाज आला की सुई आली, हे तिथल्या मुलांना पाठ झाले होते. ती मला पाहून धूम ठोकत. मला वाईट वाटे, पण काय करणार? सुई काही माझी नव्हती.

शेवटच्या वस्तीच्या अलीकडे एक चढ होता, नुसते गोटेच गोटे. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते उगीच नाही. दोघांना घेऊन तो चढ मला झेपत नसे. तिथे बाई न सांगता उतरत, पेटी खांद्याला लावत आणि म्हणत, "तुम्ही व्हा पुढे, मी आलेच." मालक मला वर नेत, इंजिन चालू ठेवून थांबत आणि मागे वळून बघत. बाई धापा टाकत येत, बसत, मग आम्ही पुढे जात असू. बावीस वर्षे हे असेच चालले.

मग बाईंचा ताप उतरेना. मालकांनी त्यांना माझ्यावरूनच दवाखान्यात नेले. तिथे त्यांना ठेवून घेतले. मालक कपडे आणायला घरी निघाले, तेव्हा बाई शाल गुंडाळून पायरीपर्यंत आल्या. मी समोरच उभी होते, मी ऐकले. "तुम्ही व्हा पुढे, मी आलेच," त्या म्हणाल्या.

त्या आल्या नाहीत.

पाठीमागचे वजन गेले की गाडीला लगेच कळते. मालक तरीही टाकीला चिकटून पुढेच बसायचे, मागची जागा मोकळी ठेवून. सिग्नलला थांबलो की ते हात मागे नेऊन सीट चाचपत. मला तो हात सहन होत नसे.

निवृत्तीनंतर एकदा त्यांनी बंद पडलेल्या खाणीत काही लोकांचा खेळ पाहिला. दगडधोंड्यांवरून गाडी न्यायची, तीही उभ्याने, गोगलगाईच्या चालीने आणि पाय न टेकता. पाय टेकला की एक गुण दंड, थांबलात तर थेट पाच. ज्याचा दंड कमी, तो जिंकला. दुसऱ्याच दिवशी मालक मला घेऊन वेल्डरच्या दुकानात हजर.

माझे दिवे, आरसे, इंडिकेटर गेले. हँडल उंच झाले, पायदाने खाली आणि मागे सरकली. मागचे दातेरी चाक मोठे बसले, म्हणजे वेग कमी आणि ताकद जास्त. इंजिनाखाली जाड पत्रा आला. टायरमधली हवा इतकी कमी केली की मला लाजच वाटली. शेवटी सीट उतरवली. मागची दांडी कापायची वेळ आली तेव्हा वेल्डर थबकला. कापली की पुन्हा मागे कुणाला बसता येणार नाही, हे त्याने दोनदा सांगितले.

"काप," मालक म्हणाले. "या खेळात कुणाच्याच मागे कुणी नसतं. तिथं माझी गाडी सगळ्यांसारखीच दिसेल."

मी तेव्हा रागावले होते. मला वाटले, हे बाईंना विसरायला निघाले आहेत.

मालकांची थोरली बहीण, अक्का, शेजारीच राहायची. ती तर खवळलीच. साठी बुद्धी नाठी, हाडे मोडून घेशील, असे तिने महिनाभर ऐकवले. अखेर दोघांत ठरले की स्पर्धेत दंड दहाच्या आत राहिला तर गाडी ठेवायची, नाहीतर विकायची. मित्रांनो, माझा जीव टांगणीला लागला. दिवे नसलेली, सीट नसलेली म्हातारी गाडी घेणार कोण? भंगारवालाच.

स्पर्धेच्या दिवशी अक्का घडीची खुर्ची घेऊन आली. आम्ही ओढा पार केला, ओंडके ओलांडले. शेवटचा चढ उरला तेव्हा दंड होता फक्त सहा. चढ गोट्यांचाच होता. मालकांनी क्लच अलगद सोडला आणि मी चढले, एकदाही न घसरता. वर पोहोचलो. शेवटची खूण हातभर पुढे होती.

आणि मालक थांबले. इंजिन चालूच होते. त्यांनी मान वळवून खाली पाहिले.

पंचांनी शिट्टी वाजवली. पाच गुण. एकूण अकरा.

अक्का तरातरा चढून वर आली. "अरे, थांबलास कशाला?"

मालक अजून खालीच बघत होते. "सवय," ते म्हणाले.

अक्काही मग त्या चढाकडे बघत राहिली. मग तिने पदराने माझ्या टाकीवरची धूळ पुसली. "गाडी राहू दे," ती म्हणाली.

आता मालकांचे गुडघे गेले आहेत. मी शेडमध्ये असते. माझी सीट समोरच्या भिंतीवर खिळ्याला टांगली आहे आणि आम्ही दोघी दिवसभर एकमेकींकडे बघतो. आठवड्यातून एकदा मालक येतात, दार उघडे टाकतात, मला किक मारतात. इंजिन चालू ठेवून दाराकडे बघत उभे राहतात. मग बंद करून जातात. त्यानंतरचे सहा दिवस मला फार लांब वाटतात.

मित्रांनो, जुन्या यंत्रांच्या साखळीला तेल घाला, त्यांना अधूनमधून चालू करा, एवढे तर तुम्ही करालच. पण तुमच्या घरात कुणी जिना चढून गेल्यावर उगाच मागे वळून थांबत असेल, तर "चला लवकर" म्हणू नका. त्यांच्याबरोबर थांबा. पाच गुण दंड झाला तर होऊ द्या.