माळवदावरून दिसलेली आग

माझी नात शिवकन्या टॅबवर देखावे काढायला शिकती. नामांतराच्या दंगलीत आमच्या गावची दलित वस्ती पेटली, ते चित्र तिनं काढायला घेतलं. मी सांगितलं, विळा घेऊन मी एकटीनं चाळीस दंगेखोर पळवून लावले.

"मागं वीस म्हणली व्हतीस, आजी. बरं, जळालेलं कसं दिसलं?"

मी सांगितलं. पेटती छपरं, त्यांच्यामधी वस्तीतल्या कडूबाचं तुटलेलं डोकं, रक्ताची वाट.

"हे समदं वरून दिसतंय. तू माळवदावर व्हतीस?"

"व्हय."

"मग विळा?"

वस्तीतली वच्छलाबाई लेकरू घेऊन आमच्या भिंतीखाली उभी व्हती. वर घे म्हणत व्हती. मागून कुऱ्हाडी आल्या.

"शिडी बी दाखव," मी म्हणलं. "मीच वर ओढलेली."