दीड बादली गरम पाणी

बीटच्या राशीखाली बारा तास फावडं ओढून आलं की मार्वाला बोलायचीही ताकद नसायची. डेल्बर्ट मुळातच अबोल, त्यामुळे ते एक बरं होतं. गाडीच्या पायरीवर बसून तो आधी तिच्या बुटांचा चिखल खरवडायचा, मग स्वतःच्या. तेवढ्या वेळात ती आत जाऊन गीझरचं बटण दाबायची आणि भिंतीला टेकून उभी राहायची. बसली तर परत उठवणार नाही, ही भीती.

ऑक्टोबर लागला की रेड रिव्हरच्या खोऱ्यात साखरेचे बीट निघू लागतात आणि कुठून कुठून म्हातारेकोतारे आपापली चाकांवरची घरं ओढत तिथं येऊन थडकतात. मार्वा आणि डेल्बर्टचं हे तिसरं वर्ष. दोघंही सत्तरीला टेकलेली. मिसूरीतलं घर गेल्यापासून जीपच्या मागं जोडलेली ही लांबुडकी गाडी हेच त्यांचं घर. दोघांनाही रात्रपाळी होती. ट्रक यायचे, बीट ओतायचे, यंत्र त्याची डोंगराएवढी रास रचायचं. ट्रकवाल्यांना मागं घ्यायच्या खुणा डेल्बर्ट करायचा. यंत्राखाली सांडलेला राडा मार्वा ओढायची. सकाळी सुटायची तेव्हा तिच्या कानांतसुद्धा माती असायची.

गाडीच्या पोटात एक गीझर होता, जेमतेम दीड बादलीचा. विजेवरही चालायचा, गॅसवरही. मोरीवरच्या भिंतीत दोन बटणं होती, पैकी गॅसच्या बटणाला हात लावायचा नाही, हा डेल्बर्टचा नियम. वीज मुक्कामाच्या जागेबरोबर साखर कारखान्याकडून मिळायची. गॅस विकत.

"फुकटचं सोडून विकतचं कोण घेतं?" तो म्हणायचा. एकदा हे वाक्य तोंडातून सुटलं की विषय संपला.

पण त्या फुकटच्या विजेची गत काय सांगावी! रात्रपाळी सुटली की मैदानावरच्या सगळ्या गाड्यांत एकदम गीझर लागायचे, हीटर लागायचे, कॉफीची भांडी चढायची. दिवे पिवळे पडायचे. आपला छोटा हीटर बंद केल्याशिवाय गीझर लावायचा नाही, नाहीतर खांबावरचा ब्रेकर पडणार. म्हणून तासभर कुडकुडत बसायचं. मग आधी डेल्बर्ट अंघोळीला जाणार. तो बाहेर यायचा तोवर गीझरमध्ये उरायचं ते कोमट पाणी. मार्वाच्या बोटांची पेरं संधिवातानं सुजलेली. त्या पाण्यात साबणसुद्धा हातातून निसटायचा.

"मग तू दुसऱ्यांदा तापव की," तो म्हणायचा.

"आणखी तासभर? झोपू कधी?"

"मग कुरकुर करू नकोस."

शेजारच्या गाडीत इनेझ राहायची. न्यू मेक्सिकोची, एकटी, जिभेला हाड नसलेली. तिनं एकदा मार्वाचे निळे पडलेले हात पाहिले आणि कपाळावर हात मारला.

"अगं, दोन्ही बटणं लाव ना! गॅस आणि वीज एकदम. वीसेक मिनिटांत उकळतं पाणी. तापलं की गॅस बंद. टाकीला चांगलं जाड आवरण असतं, पाणी बराच वेळ तसंच राहतं. अंग भिजव, नळ बंद कर, साबण लाव, मग धू. पहिला माणूस निघाला की परत थोडा वेळ गॅस. दीड बादलीला असा किती गॅस जळतो? तुझा नवरा एका ऑम्लेटला त्याहून जास्त जाळत असेल."

मार्वानं हे घरी सांगितलं. डेल्बर्टचा चेहरा आक्रसला.

"मी तीस वर्षं शाळेचे बॉयलर सांभाळले. आता इनेझ मला शिकवणार?"

"ती बिचारी माझ्या हातांसाठी सांगत होती."

"थंडी शून्याखाली गेली की गाडी तापवायला गॅसच लागणार आहे. तेव्हा काय जाळायचं, इनेझला?"

मार्वा गप्प बसली. चाळीस वर्षं ती अशीच गप्प बसत आली होती. भांडणात तो जिंकायचा असं नव्हे, तिलाच कंटाळा यायचा.

हंगामाच्या शेवटी शेवटी एका रात्री गारांसारखा टोचणारा पाऊस सुरू झाला. बीट निसरडे झाले, चिखल घोट्यापर्यंत आला. पहाटे मार्वानं डेल्बर्टकडे पाहिलं तेव्हा तो खुणेची काठी बगलेत धरून डावा हात चोळत उभा होता.

"काय रे, दुखतंय का?"

"गारठा आहे. तू आपलं काम बघ."

सकाळी गाडीशी आल्यावर त्यानं तिचे बूट घेतले नाहीत. नुसताच आत येऊन बाकावर बसला, ओल्या कोटासकट. तोंड राखेसारखं झालं होतं. मार्वाला ते दिसलं. पण तिला स्वतःचे हात जाणवत नव्हते, पाय जाणवत नव्हते, आणि आज त्याची काळजी करायला तिच्यात काही उरलंच नव्हतं. ती मोरीशी गेली आणि तिनं दोन्ही बटणं लावली. गाडीच्या बाहेरच्या अंगाला भक् करून जाळ पेटला. तो घोंघावणारा आवाज आत स्वच्छ ऐकू येत होता.

डेल्बर्टनं मान वर केली.

"काय केलंस?"

"गॅस लावला. आणि आज आधी मी जाणार."

ती भांडणाच्या तयारीतच उभी होती. तो तिच्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "जा."

एवढंच. तिला उलट जास्तच राग आला. पाणी तापेपर्यंत ती त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली.

ती न्हाणीत शिरली. अंगावर पहिली धार पडली आणि तिच्या तोंडून कण्हल्यासारखा आवाज निघाला. किती दिवसांत असं पाणी नव्हतं मिळालं! नळ बंद करून तिनं केसांना साबण लावला, आणि तेवढ्यात बाहेरचा घोंघावणारा आवाज थांबला. गाडी हलली. दार उघडून आपटलं.

तिला क्षणात कळलं. कळलं असं वाटलं. गाडीच्या पुढच्या दांड्यावर गॅसच्या दोन टाक्या होत्या. म्हातारा तिथं जाऊन गॅस बंद करून आला असणार.

"मेल्या!" ती पत्र्याच्या भिंतीकडे तोंड करून ओरडली. "एक दिवस! एक दिवस नाही बघवलं तुला! तुझा तो गॅस घाल तुझ्या मढ्यावर!"

उत्तर आलं नाही. गीझरमध्ये होतं ते पाणी अजून गरम होतं, आणि आता त्यातला थेंबही त्याच्यासाठी ठेवायचा नाही, असं तिनं ठरवलं. केस दोनदा धुतले. बोटं एकेक करून धारेखाली धरली, पेरं मोकळी होईपर्यंत. पाणी कोमट झालं, मग गार झालं, तेव्हा कुठं ती बाहेर आली.

गाडीत कुणी नव्हतं. मोरीवर एक तांबडा दिवा लागला होता. तो कशाचा हे तिला माहीत नव्हतं. खिडकीतून हाक मारली, दोनदा. मग अंगावर झगा ओढून ती पायरी उतरली.

डेल्बर्ट टाक्यांपाशी कुशीवर पडला होता. अंगात कोट नाही, एक गाल चिखलात, पापण्यांवर गारांचा भुगा. उजवा हात वर टाकीच्या पट्ट्यात अडकून राहिला होता. ती खाली बसली, त्याला उताणा केला, छाती दाबली, तोंडात हवा भरली. तिची आरोळी ऐकून इनेझ धावत आली. तिनं फोन केला आणि मग मार्वाला बाजूला सारून स्वतः छाती दाबायला बसली. माणसं जमली. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा त्यांनी फारशी घाई केली नाही, आणि त्यावरूनच मार्वा काय ते समजली.

त्याला नेल्यावर ती ओल्या केसांनी टाक्यांकडे बघत उभी राहिली. इनेझनं तिच्यावर आपला कोट टाकला.

"गॅस बंद करायला आला होता," मार्वा म्हणाली. "मी गॅस लावला म्हणून. बघ, चावी बंद केलीय त्यानं."

इनेझ वाकली. तिनं ती टाकी एका हातानं उचलली. टाकी अलगद वर आली.

"ही रिकामी आहे, मार्वा."

"म्हणजे?"

"गॅस संपला, म्हणून जाळ विझला. ही बंद करून त्यानं दुसरी उघडली होती. हे बघ, खटका तिकडं वळवलाय. भरलेली आहे ती. चालू आहे." मग जरा थांबून ती म्हणाली, "जाळ विझला की आत तांबडा दिवा लागतो. बटण बंद करून परत लावावं लागतं. ते करायला तो आत येणार असेल."

मार्वानं हात लावून पाहिलं. दुसऱ्या टाकीची चावी खरंच उघडी होती.

"मी शिव्या दिल्या त्याला. मोठ्यानं."

"ऐकू गेल्या नसतील."

"गेल्या असतील तर?"

इनेझनं टाकी खाली ठेवली.

"किती वेळ झाला असेल गं?" मार्वानं विचारलं. "मी मुद्दाम वेळ लावला. सगळं पाणी संपवलं. तेव्हाच बाहेर आले असते तर?"

"ॲम्ब्युलन्सवाले म्हणाले ना, जागच्या जागी गेला."

"असं ते सगळ्यांनाच सांगतात."

दुपारी तिनं ओमाहाला मुलीला फोन लावला. जोलीन आधी रडली, मग शांत झाली, मग पोरीच्या जातीप्रमाणे एकेक गोष्ट विचारू लागली.

"पण एवढ्या पावसात बाबा बाहेर गेलेच कशाला?"

"गॅस संपला होता. टाकी बदलायला गेला."

"नंतर नसती का बदलता आली? एवढी कसली घाई होती?"

मार्वा फोन कानाशी धरून बसली. डेल्बर्टच्या मनात काय होतं, हे आता कोण सांगणार? तिला गरम पाणी मिळावं म्हणून गेला असेल. नाहीतर नुसती सवय असेल. जाळ विझला की उठायचं, बॉयलरवाल्याची तीस वर्षांची सवय. "जा" म्हणाला तेव्हा त्याचा आवाज कसा होता, हे ती आठवून पाहत होती. तो तिला आठवेना.

"आई? तू कुठं होतीस तेव्हा?"

"आत होते," मार्वा म्हणाली. "अंघोळ करत होते."

मग जोलीन म्हणाली, "मी उद्या निघते. तोवर तू गाडीत एकटी राहू नकोस."

फोन ठेवून मार्वानं डेल्बर्टचा ओला कोट बाकावरून उचलला आणि वाळत घातला. मग पायरीवर जाऊन स्वतःचे बूट खरवडायला बसली. बोटांना चाकू धरवत नव्हता. इनेझ तिच्याकडून बूट घ्यायला पुढं झाली, पण मार्वानं ते दिले नाहीत.