तीन नंबर – वाढले

मी एक जुना इन्क्युबेटर आहे आणि माणसे मला आवडत नाहीत. मित्रांनो, तुम्हाला मित्र म्हणतो ते केवळ रीत म्हणून. दार धाडकन लावणाऱ्यांचीच तुम्ही मुले असाल, असा आपला माझा अंदाज. चुकत असेन तर असो.

अंडी उबवणारा किंवा तान्ह्या बाळांना ठेवतात तो मी नव्हे. मी प्रयोगशाळेतले एक पोलादी कपाट. आत सदतीस अंश ऊब, मोजका वायू, तळाशी पाण्याचा ट्रे. कारखान्यातल्या फिटरने माझे दार शंभर वेळा उघडून लावून पाहिले आणि म्हणाला, "हा मालकापेक्षा जास्त टिकेल." मनापासूनचे कौतुक तेवढेच. इथे आल्यावर लोकांनी माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढले, पण ते स्वतःचे.

माझ्या पोटात रक्ताच्या मूलपेशी वाढवतात. तुमच्या हाडांतल्या मगजात त्या असतात आणि जन्मभर नवे रक्त घडवतात. हाडाबाहेर मात्र फार नाठाळ. उपाशी ठेवल्या तर मरतात, लाडावल्या तर मूलपण सोडून साध्या रक्तपेशी होऊन बसतात. म्हणून त्यांना दर दोन-तीन दिवसांनी गुलाबी खाद्य द्यावे लागते, तेही बेताने.

हे काम दोघींकडे होते. एक डॉक्टरीण, दुसरी तिची मदतनीस तंत्रज्ञ. घरच्या नात्याने डॉक्टरीण नणंद आणि तंत्रज्ञ भावजय. भाऊ पाय मोडून इस्पितळात पडला तेव्हा कुणी किती जेवणाचे डबे पोचवले, यावरून दोघींचे बिनसले, ते सहा वर्षे तसेच. बोलणे बंद. जे सांगायचे ते पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहून माझ्या कपाळावर चिकटवायचे. तोंड उघडलेच तर भिंतीशी.

"काही लोकांना झाकण घट्ट लावता येत नाही," डॉक्टरीण म्हणे.

"काही लोकांना 'कृपया' लिहिता येत नाही," भावजय माझा ट्रे पुसत म्हणे.

भावजयीची एक सवय होती. खाद्य दिले की ती लिही, 'दोन नंबर – वाढले', 'पाच नंबर – वाढले'. ताटात वाढावे तसे.

तीन नंबरच्या डब्यात एका शिंप्याच्या मुलीसाठीच्या पेशी होत्या. मुलगी नऊ वर्षांची. तिच्या हाडांनी रक्त करणे सोडून दिले होते आणि ती उसन्या रक्तावर जगत होती. कुठल्याशा बाळाच्या नाळेतले रक्त तिला जुळले. पण त्यातल्या मूलपेशी फारच थोड्या, म्हणून त्या माझ्यात वाढवून मग तिला द्यायच्या होत्या. बुधवारपासून तिच्या हाडांतला निकामी मगज औषधाने पार पुसून टाकायचे ठरले होते. त्यानंतर माघार नाही. शिंपी रोज बाहेरच्या बाकावर बसून काचेतून माझ्याकडे टक लावून पाही. मला त्याचा रागच यायचा. माझ्याकडे काय असे मागण्यासारखे होते?

शुक्रवारी सकाळी डॉक्टरिणीने तीन नंबरच्या पेशी मोजल्या. आकडे दुप्पट झाले होते. तिने पट्टीवर लिहिले, 'तीन नंबर – वाढले'. म्हणजे आकडे वाढले, आता खाद्य जास्त द्या. दुपारी भावजय खाद्याची बाटली घेऊन आली. पट्टी वाचून तिचे तोंड आंबट झाले.

"माझं वाढायचं कामही स्वतःच उरकलं! भरवसा नाही ना आमच्यावर," ती भिंतीला म्हणाली आणि बाटली परत ठेवून गेली. नणंदेला जाऊन एक प्रश्न विचारला असता तरी पुरले असते. पण आधी कोण बोलणार?

शनिवार-रविवार कुणी फिरकले नाही. माझा भोंगा उष्णता उतरली तर वाजतो, वायू संपला तर वाजतो. भुकेसाठी तो नाही. मी इमानाने ऊब देत राहिलो, आणि ऊब मिळाली की पेशींची भूक वाढते. हे सांगताना मला बरे वाटत नाही.

सोमवारी गुलाबी खाद्य पिवळे पडले होते, म्हणजे त्यातला कस संपला होता.

"तुम्ही खाद्य दिलं नाहीत, वहिनी?" सहा वर्षांतला हा पहिला प्रश्न.

"तुम्हीच लिहिलंत की वाढलं म्हणून!"

"आकडे वाढले, आकडे!"

"मग 'आकडे' लिहायला शाई संपली होती का, वन्सं?"

"आणि तुम्हाला विचारायला जीभ नव्हती?"

सूक्ष्मदर्शकाखाली दहातली एक पेशी जिवंत दिसली. डॉक्टरिणीने पुन्हा एकदा मोजून पाहिले. मग पुटपुटली, "तारीख बदलली तर वरचे मला फाडून खातील. थोड्या आहेत जिवंत. एवढ्यात भागेल कदाचित."

"कुणाचं भागेल? पोरीचं की तुमचं?" भावजय म्हणाली. "तुम्ही सांगताय शिंप्याला, की मी जाऊ?"

दोघी गेल्या. खोलीचे दार उघडेच टाकून, अर्थात. म्हणून मला ऐकू आले.

शिंप्याने सगळे ऐकून घेतले. मग उठला. "म्हणजे तुमच्या घरचं भांडण तुम्ही माझ्या पोरीच्या ताटात वाढलंत," तो म्हणाला. "माफी मागू नका. ती ठेवायला माझ्याकडे जागा नाही."

त्याच नाळेच्या रक्ताची शेवटची कुपी गोठवून ठेवलेली होती. ती काढली. मुलीचे औषध तीन आठवडे पुढे गेले. तेवढ्यात तिला दोनदा ताप भरला, आणि दोन्ही वेळा दोघींपैकी कुणी जेवले नाही. दोघींत समेट झाला म्हणाल तर नाही. पण भावजयीने चिकटपट्टीचे रीळ कचऱ्यात टाकले. आता दोघी एकमेकींवर ओरडत.

"तीन नंबरला खाद्य दिलं!"

"ऐकलं! किती?"

"सांगितलं होतं तेवढंच! कान तपासून घ्या!"

या खेपेस पेशी माझ्यातून धडधाकट बाहेर पडल्या. महिन्याभराने डॉक्टरिणीने एक अहवाल मोठ्याने वाचला : मुलीच्या हाडांत नवे रक्त तयार होऊ लागले आहे. "ऐकलं," म्हणून भावजयीने तोंड फिरवले आणि पदराने डोळे टिपले. शिंपी पुन्हा आला नाही. बरोबर केले त्याने.

आता माझ्या दाराचे रबर झिजले आहे. मला भंगारात काढून बोळात ठेवले आहे. येणारे-जाणारे माझ्यावर पिशव्या ठेवतात. मित्रांनो, एकमेकांवर प्रेम करा असे मी सांगणार नाही. त्यातले मला काही कळत नाही. खुशाल भांडा. पण दुसऱ्याच्या जिवाची गोष्ट असेल तेव्हा ती तोंडाने सांगा, पुरी सांगा, आणि समोरचा 'ऐकलं' म्हणेपर्यंत जागचे हलू नका.