अप्पारावांच्या शेवटच्या गमती

बदनापूरजवळच्या घरी अप्पारावांच्या मृत्यूनंतरचा जलदान विधी आटोपला. जेवणं झाल्यावर माणसं ओसरीवर बसून त्यांच्या गमती सांगू लागली. अप्पाराव एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाल्यावरही कुणाच्याही हळदीत सगळ्यांत आधी तेच नाचायला उतरत.

शेजारचे भुजंग म्हणाले, "मला पारावर म्हणले, छातीत कुणीतरी सारखी घंटी वाजवून राह्यलंय, गाडी थांबवावी लागती. आम्ही लई हसलो."

आताही सगळे हसले. नात प्रिया म्हणाली, "मला म्हणले, डावा हात माझ्यावर रुसलाय, कामच करत न्हाई."

पुन्हा हसू उठलं, पण लगेच विरलं. अप्पारावांची मुलगी रूपाली जालन्यात नर्स होती. तिने विचारलं, "हे कधी म्हणले?"

"गेले त्याच हप्त्यात," भुजंग म्हणाले आणि त्यांचा चेहरा उतरला. "वाटलं, नेहमीसारखीच गंमत."

रूपालीला त्यांच्यावर चिडायचं होतं. पण फोनवर तिलाही बाबा म्हणाले होते, की आता जिना चढताना मला धक्का मारून चालू करावं लागतं. तीही हसली होती.

ती आईजवळ जाऊन बसली. "तुला काय म्हणले होते बाबा?"

"मला काहीच न्हाई म्हणले," बेबीनंदा म्हणाल्या. "तेवढे दिवस माझ्याशी मजाकच केली न्हाई त्यांनी. मला वाटलं, रागावलेत. मंग मीबी बोलले न्हाई."

आईला गमतीमागचं दुखणं लगेच कळलं असतं, म्हणूनच बाबा तिच्याशी बोलले नाहीत, हे रूपालीच्या लक्षात आलं. तिने आईचा हात धरला. ओसरीवर कुणीच आता गमती सांगत नव्हतं.